गच्चीवरचा सेन्सर, विमानतळ, फुगा आणि उपग्रह: हवेतील बाष्प नेमके कोणी मोजले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मान्सून माळव्याच्या दाराशी आलेला असताना, इंदूरमधील आपल्या घराच्या गच्चीवर बसविलेल्या सेन्सरने पहाटे सहाला २६ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता दाखविली आणि दुपारी तीनला ४१ अंश व २९ टक्के. दुपारच्या त्याच वेळेला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या अहवालात तापमान ३८ अंश व दवबिंदू (ज्या तापमानापर्यंत थंड केल्यास हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते) १९ अंश होता, म्हणजे आर्द्रता ३३ टक्के होते. भोपाळच्या सकाळच्या हवामान-फुग्यावरून काढलेले एकूण बाष्प ४० मिलिमीटर होते (सगळ्या बाष्पाचे पाणी केले तर त्याची जी खोली भरेल ती), आणि इन्सॅट उपग्रहाच्या बाष्पचित्रात मात्र सगळा माळवा काळा, म्हणजे कोरडा, दिसत होता. यांपैकी खरे कोण, बाष्प मोजण्याची सर्वांत अचूक पद्धत कोणती, आणि महाविद्यालयातील प्रकल्पासाठी कोणते उपकरण घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझा व्यवसाय आर्द्रतेची उपकरणे तपासून आणि दुरुस्त करून देण्याचा आहे. बरेचसे काम पिथमपूरच्या औषधांच्या कारखान्यांत असते आणि उरलेले शेतीसाठी उभारलेल्या हवामान केंद्रांवर. अशा तक्रारींत उपकरण क्वचितच दोषी निघते. बहुधा वेगवेगळ्या गोष्टी एकाच पंक्तीला बसवून त्यांची तुलना केलेली असते. आपल्या आकड्यांपैकी सेन्सरचा आणि विमानतळाचा आकडा जमिनीलगतच्या एका जागेच्या हवेविषयी बोलतो, फुग्याचा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेच्या स्तंभाविषयी, आणि उपग्रहाचे चित्र त्या स्तंभाच्या मधल्या व वरच्या भागाविषयी. हे चारही एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि आपण दिलेल्या माहितीवरून ते बरोबर असावेत असेच मला वाटते. तेव्हा अचूकतेच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणत्या थरातले बाष्प मोजायचे आहे, आणि ते कोणत्या राशीत मांडायचे आहे.

राशीचा मुद्दा आधी घेतो, कारण आपल्या गोंधळाचा मोठा भाग तेथेच आहे. सापेक्ष आर्द्रता हवेत बाष्प किती आहे हे सांगत नाही. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढा बाष्पदाब संभवतो, त्याच्या किती टक्के दाब प्रत्यक्षात आहे एवढेच ती सांगते. २६ अंशांना हा जास्तीत जास्त, म्हणजे संपृक्त, बाष्पदाब ३३.६ हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक) असतो, म्हणून ८० टक्क्यांना प्रत्यक्ष बाष्पदाब सुमारे २६.९ हेक्टोपास्कल आणि दवबिंदू २२ अंशांच्या किंचित वर येतो. ३८ अंशांना संपृक्त बाष्पदाब ६६.४ हेक्टोपास्कल होतो. हवेतील बाष्प तसूभरही बदलले नाही असे धरले, तरी आर्द्रता ८० वरून सुमारे ४० टक्क्यांवर उतरते. ही उतरण तापमापकाची करणी आहे, बाष्पाची नव्हे.

४० वरून ३३ किंवा ३४ पर्यंतची पुढची घट मात्र खरी आहे. सकाळी जमिनीलगतचा ओलसर थर पातळ असतो; ऊन चढल्यावर जमीन तापते, हवा घुसळली जाते, वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि दवबिंदू दोन-तीन अंशांनी खाली येतो. मान्सूनपूर्व दिवसांत माळव्यात हे रोजच घडते, त्यामुळे दुपारी दवबिंदू उतरलेला दिसला म्हणून सेन्सरवर शंका घेण्याचे कारण नाही.

आता सेन्सरचे ४१ अंश व २९ टक्के आणि विमानतळाचे ३८ अंश व ३३ टक्के यांच्याकडे पाहा. ४१ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ७८ हेक्टोपास्कल असतो. त्याचे २९ टक्के म्हणजे २२.६ हेक्टोपास्कल, आणि त्याचा दवबिंदू १९.५ अंश. विमानतळाचा दवबिंदू १९ आहे आणि तो अहवालात पूर्ण अंशांतच दिला जातो. म्हणजे आपल्या तक्रारीतील पहिले दोन साक्षीपुरावे एकमेकांशी पूर्ण जुळतात. आपल्या सेन्सरचे खोके उन्हाने तीन अंश जास्त तापले आहे, एवढाच त्यांतला फरक. तापलेल्या खोक्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता कमी दिसते, पण तिच्यातील बाष्पदाब बाहेरच्याइतकाच राहतो. म्हणून दोन ठिकाणच्या नोंदी कधीही टक्क्यांत ताडून पाहू नयेत. दोन्हींचा दवबिंदू किंवा बाष्पदाब काढावा आणि मगच बोलावे. यात अट एवढीच की आर्द्रतेचा आणि तापमानाचा भाग एकाच चकतीवर किंवा निदान एकाच घरात, एकाच तापमानाला असावा, आणि खोक्यात हवा खेळती असावी. काही जण तापमान एका यंत्राचे आणि टक्केवारी दुसऱ्याची घेऊन दवबिंदू काढतात. त्यातून निघणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

खोक्याची जागा यानंतरही महत्त्वाची राहते, कारण आपल्याला तापमानही खरे हवे असणार. हवामान खात्याची पद्धत म्हणजे पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, गवताळ जमिनीवर, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर उपकरणे ठेवणे. तिलाच स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. शहरातल्या गच्चीवर हे जमत नाही हे मला मान्य आहे. तरी तापलेल्या लादीपासून निदान दीड मीटर उंची, पाण्याच्या टाकीपासून अंतर, आणि एकावर एक पांढऱ्या थाळ्या असलेले, शक्यतो लहान पंख्याने हवा ओढणारे आवरण, इतके सांभाळता येते. मे महिन्यात शेजारच्या कूलरचे तोंड कोणीकडे आहे हेही पाहून ठेवावे. गच्चीवरच्या सेन्सरने भर दुपारी लू (उन्हाळ्यातला गरम, कोरडा वारा) चालू असताना अचानक दवबिंदू पाच अंशांनी वाढल्याचे दाखविले, तर अरबी समुद्राआधी कूलरची चौकशी करावी.

सेन्सर म्हणून आपण जे वापरत आहात ते बहुधा धारितेवर, म्हणजे विद्युतप्रभार साठविण्याच्या क्षमतेवर, चालणारे आहे. दोन विद्युतअग्रांमध्ये पॉलिमरचा पातळ पापुद्रा असतो, तो हवेतील बाष्प शोषतो, त्यामुळे त्याची धारिता बदलते आणि त्यावरून टक्केवारी काढली जाते. फिनलंडच्या व्हैसाला कंपनीने १९७३ मध्ये हा प्रकार हवामानाच्या कामात आणला आणि आज फुग्यापासून मोबाइलच्या सुट्या भागांपर्यंत सर्वत्र त्याचीच भावंडे आहेत. बाजारात मिळणाऱ्या सेन्सरांपैकी डीएचटी-११ चा आकडा पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, बीएमई-२८० चा तीन, एसएचटी-३१ चा दोन, असे त्यांचे उत्पादक सांगतात. हे टक्के आर्द्रतेच्या मोजपट्टीवरचे टक्के आहेत, वाचलेल्या आकड्याचे नव्हेत, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि माळव्यात तिचा फार मोठा परिणाम होतो.

पावसाळ्यातली २६ अंश व ९० टक्के ही हवा घ्या. तीन टक्क्यांच्या चुकीने दवबिंदू २३.७ ते २४.८ च्या दरम्यान कोठेही पडतो. म्हणजे अर्ध्या अंशाची अनिश्चितता, आणि ती बहुतेक कामांना चालते. आता मेमधली ४० अंश व १५ टक्के ही हवा घ्या. त्याच तीन टक्क्यांनी, म्हणजे १२ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान, दवबिंदू ५ पासून ११ अंशांपर्यंत हेलकावे खातो आणि बाष्पदाबात वीस टक्क्यांची चूक होते. सेन्सर तोच, त्याचे प्रमाणपत्रही तेच. पण कोरड्या हवेत त्याची साक्ष फारशी उपयोगाची नाही. वडोदऱ्यात, खंभातच्या आखाताच्या जवळ, हा दोष इतका टोचत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टोचतो.

असे सेन्सर काळाने सरकतातही. आठवडेच्या आठवडे ९५ टक्क्यांच्या वर राहिले की ते वरचढ वाचू लागतात, आणि रंग, थिनर किंवा साफसफाईच्या रसायनांच्या वाफा पापुद्र्यात शिरल्या की त्यांची संवेदना मंदावते. कारखान्यात नुकत्याच रंगविलेल्या खोलीतला सेन्सर बिघडणे ही माझ्याकडे नेहमी येणारी तक्रार आहे. त्यासाठी मिठाची परीक्षा घरीसुद्धा करता येते. हवाबंद बरणीत शुद्ध मीठ घेऊन त्यात इतकेच पाणी घालावे की ओल्या वाळूसारखा लगदा होईल आणि न विरघळलेले मीठ स्पष्ट दिसेल. सगळे मीठ विरघळले तर परीक्षा फुकट गेली. सेन्सर लगद्याला न लागता वर टांगावा, तार जेथून बाहेर येते ती फट पक्की बुजवावी, आणि बरणी एसी किंवा ऊन नसलेल्या कपाटात रात्रभर ठेवावी. २५ अंशांना आतील आर्द्रता ७५.३ टक्के होते, आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान ती जवळजवळ हललेली नसते. हीच परीक्षा मॅग्नेशियम क्लोराइडच्या लगद्यावर केली तर ३२.८ टक्के मिळायला हवेत. मॅग्नेशियमची बरणी सोडून नुसत्या मिठावर भागवण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे आठ महिने आकडे ७५ च्या खालीच असतात, म्हणून कोरड्या टोकाची तपासणी अधिक गरजेची आहे. प्रयोगशाळेतले मीठ मिळाले तर उत्तम. जेवणातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

कोरड्या दिवसांसाठी मी स्वतः अजूनही कोरड्या व ओल्या तापमापकांची जोडी, म्हणजे सायक्रोमीटर, पसंत करतो आणि ती जुनी आहे एवढ्यावरून कोणी तिला कमी लेखू नये. ओल्या मलमलीतून पाणी उडते, त्याला लागणारी उष्णता तापमापकाच्या टोकाच्या बल्बातून जाते आणि त्याचे तापमान उतरते. हवा जितकी कोरडी तितकी उतरण अधिक. हिशोब असा: ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब घ्यावा आणि त्यातून ०.०००६६२, हवेचा दाब व दोन तापमानांतील फरक यांचा गुणाकार वजा करावा. कोरडा ४० व ओला २० असेल, आणि इंदूरचा प्रत्यक्ष दाब ९४५ हेक्टोपास्कल धरला, तर २३.४ मधून १२.५ वजा जाऊन १०.९ हेक्टोपास्कल उरतात. आर्द्रता १५ टक्क्यांच्या जरा खाली आणि दवबिंदू सुमारे ८ अंश. ओल्या तापमापकात अर्ध्या अंशाची चूक झाली तर दवबिंदू सुमारे १.४ अंशांनी चुकतो. वर सांगितलेल्या सेन्सरच्या सहा अंशांच्या पसाऱ्याशी हे ताडून पाहा म्हणजे माझी पसंती कशामुळे आहे हे लक्षात येईल.

ही जोडी निगा मागते, आणि सगळी मेख तेथे आहे. वरचा गुणक तेव्हाच लागू पडतो जेव्हा ओल्या बल्बावरून हवा निदान अडीच-तीन मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहत असते. त्यासाठी आस्मान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात चावीचा किंवा विजेचा पंखा असतो आणि हातात फिरवायच्या प्रकारात आपला हात. स्थिर हवेत ओला तापमापक पुरेसा थंड होत नाही आणि हवा आहे त्याहून दमट वाटते. पाणी ऊर्ध्वपातित हवे. इंदुरातल्या बोअरच्या जड पाण्याने मलमलीवर काही दिवसांतच पांढरा, कडक थर धरतो, पाणी वर चढत नाही आणि ओला तापमापक नावापुरता ओला राहतो. बोटांना मलमल ताठ लागली की ती बदलावी. धुळीच्या वादळानंतर न तपासता बदलावी. हे ज्याला जमणार नाही त्याने या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये, कारण दुर्लक्षित ओला तापमापक साध्या सेन्सरपेक्षाही वाईट असतो, आणि त्याची चूक नेहमी एकाच दिशेची, दमटपणा फुगवणारी, असल्याने सरासरी काढूनही ती जात नाही.

केसांच्या आर्द्रतामापकाचा उल्लेख फक्त पूर्णतेसाठी करतो. सोसूर या स्विस शास्त्रज्ञाने तो १७८३ मध्ये मांडला. कोरड्यापासून संपृक्त हवेपर्यंत माणसाचा केस दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. कागदी आलेखाच्या जुन्या यंत्रांत तो दिसतो, पण नव्या प्रकल्पात त्याचे काही काम नाही.

जमिनीलगतच्या हवेसाठी अचूकतेत सर्वांच्या वर आहे तो थंड आरशाचा दवबिंदूमापक. लहानसा चकचकीत धातूचा आरसा विजेवर चालणाऱ्या शीतकाने थंड केला जातो, त्यावर प्रकाशाचा झोत टाकलेला असतो, आणि दवाचा पहिला पापुद्रा धरताच परावर्तित प्रकाश कमी होतो. यंत्र आरशाला बरोबर त्या तापमानावर रोखून धरते जेथे दव वाढतही नाही आणि उडतही नाही, आणि आरशाखालच्या प्लॅटिनमच्या तापमापकाने ते तापमान वाचते. अचूकता ०.१ ते ०.२ अंशांची असते. इथे दवबिंदू कोणत्याही पदार्थाच्या गुणधर्मावरून अनुमानलेला नसतो. प्रत्यक्ष मोजलेला असतो, आणि म्हणूनच इतर उपकरणे याच्यावर तपासतात. मात्र आरशावर विद्राव्य क्षारांचा अंश बसला की दव लवकर धरते आणि दवबिंदू जास्त येतो. त्यामुळे धुळीच्या मोकळ्या हवेत त्याला रोज पुसत बसावे लागते. किंमत लाखांत जाते. हा प्रयोगशाळेचा राजा आहे. त्याला गच्चीवर नेऊ नये.

आता वरच्या हवेकडे येऊ. रेडिओसोंड, म्हणजे फुग्याला बांधून सोडलेले उपकरण, साधारण पाच मीटर प्रतिसेकंदाने वर जाते आणि वाटेतले तापमान, दाब व आर्द्रता रेडिओवरून कळवते. ठराविक वेळा भारतात पहाटे व संध्याकाळी साडेपाच या आहेत. इंदूरला फुगा सुटत नाही. भोपाळ, ग्वाल्हेर आणि अहमदाबाद ही आपल्या भोवतीची केंद्रे. उंचीगणिक बाष्प कसे पसरले आहे हे थेट दाखवण्यात फुग्याला आजही तोड नाही, पण ढगातून निघालेला ओला सेन्सर काही काळ खोटे बोलतो, अति थंड हवेत तो मंदावतो, आणि दिवसा उन्हाने तापल्यास कोरडे वाचतो. नव्या उपकरणांत याच्या दुरुस्त्या केलेल्या असतात, जुन्या नोंदी वापरताना मात्र हे ध्यानात ठेवावे. शिवाय भोपाळ सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर दूर आहे आणि दोन फुग्यांमध्ये बारा तासांची पोकळी आहे. माळव्यातले वादळ नेमके त्याच पोकळीत उठून संपते.

आपला ४० मिलिमीटरचा आकडा सकाळच्या सेन्सरशी जुळतो का, हे पाहण्याजोगे आहे. २६.९ हेक्टोपास्कल म्हणजे घनमीटरमागे सुमारे १९.५ ग्रॅम बाष्प. बाष्प उंचीबरोबर झपाट्याने कमी होते आणि ढोबळ हिशोबात सगळे बाष्प जमिनीच्याच घनतेने दोन किलोमीटरच्या थरात आहे असे धरतात. त्यावरून ३९ मिलिमीटर येतात. सुरेख जुळले, पण हुरळून जाऊ नये. दुपारी तोच हिशोब केला तर १५.७ ग्रॅमवरून ३१ मिलिमीटर येतील, आणि स्तंभातले बाष्प तर काही नाहीसे झालेले नाही; ते फक्त वर मिसळले गेले. जमिनीवरच्या एका आकड्यावरून स्तंभ काढणे का धोक्याचे, हे यापेक्षा चांगले दाखवता येणार नाही. तसेच अहमदाबादच्या फुग्याशी इंदूरची तुलना करताना उंची विसरू नये: इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, आणि दमट दिवसांत खालच्या त्या अर्ध्या किलोमीटरच्या हवेतच जवळपास १० मिलिमीटर बाष्प असते, जे आपल्या स्तंभात नसतेच. भोपाळची उंची इंदूरच्या जवळची असल्याने ती तुलना निभावते.

स्तंभाचे बाष्प सतत, ढग-पाऊस असतानाही, मोजायचे असेल तर जीपीएसची पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. १९९२ मध्ये बेव्हिस व सहकाऱ्यांनी ती मांडली. उपग्रहाचा संदेश हवेतून येताना किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर अंतरात मोजला तर इंदूरच्या दाबाला डोक्यावरच्या दिशेने कोरड्या हवेमुळे सुमारे २.१५ मीटर भरतो, आणि बाष्पामुळे मेमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर तर भर पावसाळ्यात पस्तीस-चाळीसपर्यंत. एकूण उशिरातून कोरडा भाग वजा केला की ओला भाग उरतो आणि त्याला साधारण ६.४ ने भागले की बाष्प मिळते. चांगल्या स्थायी केंद्रावर चूक एक-दोन मिलिमीटरची असते. यासाठी मोबाइलमधला जीपीएस चालत नाही. दोन वारंवारतांचा स्थायी रिसीव्हर आणि उपग्रहांच्या कक्षांची अचूक माहिती लागते.

या पद्धतीत विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा दाबाची आहे. कोरडा भाग दाबावरून काढतात आणि एका हेक्टोपास्कलमागे तो २.३ मिलिमीटरने बदलतो. बाष्पात तेवढी चूक एक तृतीयांश मिलिमीटरची, म्हणजे क्षम्य. पण विमानतळाच्या अहवालातील दाब समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो. तो आहे तसा हिशोबात घातला तर इंदूरसाठी सुमारे ६० हेक्टोपास्कलची चूक होते आणि बाष्प २१ मिलिमीटरने कमी येते, जवळपास मेमधल्या सबंध स्तंभाइतके. काही वेळा उत्तर चक्क ऋण येते, आणि ते बरे, कारण चूक लगेच कळते. पावसाळ्यात ६० ऐवजी ३९ आले तर कोणाला शंकाही येत नाही. प्रत्यक्ष केंद्राचा दाब, अँटेनाच्या उंचीवरचा, हाच घ्यावा. ६.४ हा भाजकही हवेच्या सरासरी तापमानानुसार थोडा बदलतो, आणि ते तापमान जमिनीवरच्या तापमानावरून काढण्याचे प्रचलित सूत्र अमेरिकेतील फुग्यांच्या नोंदींवरून बसविलेले आहे. प्रकल्पात भोपाळच्या फुग्यांवरून स्वतःचे सूत्र बसविता आले, तर ते खरे काम होईल.

राहिले उपग्रहाचे काळे चित्र. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये, ३डीआर २०१६ मध्ये आणि ३डीएस २०२४ मध्ये सोडले गेले. त्यांच्या प्रतिमा-यंत्रातील बाष्पाची वाहिनी ६.५ ते ७.१ मायक्रोमीटरची आहे. या लांबीच्या उत्सर्जनाला बाष्प स्वतःच गिळते, त्यामुळे खालच्या दमट थरातून निघालेले उत्सर्जन वर पोहोचतच नाही, आणि उपग्रहाला दिसते ते साधारण चार ते नऊ किलोमीटर उंचीवरचे. मान्सूनपूर्व काळात खाली अरबी समुद्राकडचा दमट वारा आणि वर वायव्येकडची कोरडी हवा ही रचना नेहमीची आहे. आपले ४० मिलिमीटर बहुतांश खालच्या तीन किलोमीटरमध्ये होते आणि चित्र त्यांच्या डोक्यावरचा कोरडेपणा दाखवत होते. संपूर्ण स्तंभाचा किंवा थरांचा हिशोब हवा असेल तर त्याच उपग्रहांवरील १९ वाहिन्यांच्या साउंडरची, म्हणजे हवेचे थर वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राची, उत्पादने पाहावीत, पण तीही ढगाळ आकाशात हात टेकतात. ढगांतून पाहण्याचे काम १८३ गिगाहर्ट्‌झभोवतीच्या सूक्ष्मलहरींनी होते. भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्सवरील सफीर हे उपकरण त्यासाठीच होते आणि २०११ नंतरच्या काही वर्षांच्या अभ्यासाला त्याच्या नोंदी उपयोगी पडतात.

जमिनीवरून वर पाहणारी आणखी काही यंत्रे आहेत. सूक्ष्मलहरी रेडिओमीटर २२.२ गिगाहर्ट्‌झजवळच्या बाष्परेषेचे उत्सर्जन मोजतो आणि दर मिनिटाला आकडा देतो, पण त्याच्या आवरणावर पाऊस साचला की तो निकामी. रामन लायडर लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून बाष्प व नायट्रोजन यांचे गुणोत्तर काढतो आणि स्वच्छ रात्री उंचीगणिक फार सुंदर चित्र देतो. दोन्ही संस्थांच्या आवाक्यातली. विद्यार्थ्याच्या आवाक्यात मात्र एक अनपेक्षित साधन आहे: ८ ते १४ मायक्रोमीटरची, उणे ५० अंशांपर्यंत वाचणारी अवरक्त तापमापकाची बंदूक. निरभ्र आकाशात ती सरळ डोक्यावर रोखली तर दिसणारे तापमान स्तंभातील बाष्पाबरोबर वाढते. फुग्याच्या किंवा जीपीएसच्या नोंदींशी जोडून घेतल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे, विरळ ढग किंवा धूळ त्याला फसवते, पावसाळ्यात ती बाजूलाच राहते. तरी ऑक्टोबर ते मेच्या स्वच्छ आकाशासाठी इतक्या खर्चात दुसरे काही नाही.

तेव्हा काय घ्यावे? प्रकल्प पिकांवरील रोग, घरातील उकाडा किंवा जमिनीलगतच्या हवेचा असेल, तर एसएचटी-३१ च्या तोडीचे दोन सेन्सर, पंख्याचे आवरण आणि ताडण्यासाठी हातात फिरवायचा सायक्रोमीटर. दोन सेन्सर यासाठी की एक गच्चीवर असताना दुसरा मिठाच्या बरणीत असावा. प्रकल्प वादळांचा किंवा मान्सूनच्या आगमनाचा असेल, तर गच्चीवर पैसे घालू नयेत. एखाद्या संस्थेच्या स्थायी जीपीएस केंद्राच्या नोंदी मिळवाव्यात आणि भोपाळच्या फुग्याशी ताडाव्यात. अनेक दशकांचा कल पाहायचा असेल तर युरोपीय हवामान केंद्राची ईआरए-५ ही पुनर्विश्लेषित मालिका १९४० पासून ताशी उपलब्ध आहे. तिचा चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो आणि ती निरीक्षण नव्हे, हवेच्या संगणकीय प्रतिमानात निरीक्षणे मुरवून काढलेली आहे, म्हणून तिने आपल्या सेन्सरची परीक्षा घेऊ नये.

सध्याच्या सेन्सरसाठी एवढे करावे: दर दहा मिनिटांना तापमान व टक्केवारी दोन्ही मूळ स्वरूपात नोंदवावीत, दवबिंदू नंतर काढावा, आणि महिनाभर विमानतळाच्या दवबिंदूशी फरक पाहावा. एखाद्या अंशाचा फरक पूर्णांकीकरणातच जातो. फरक फक्त भर दुपारी वाढत असेल तर आवरणात हवा खेळत नाही किंवा जवळ कोठेतरी पाणी उडते आहे. पहाटेच वाढत असेल तर सेन्सरवर दव धरते आहे. आणि चोवीस तास एकाच दिशेने सारखा राहत असेल तर सेन्सर सरकला आहे, त्याला मिठाच्या बरणीत घालावे.